गाठ

जुबेरनं दोन दिवसांत अख्खा हॉल झाकला.
ना धूळ, ना सिमेंट,
ना पॉलिशवाल्याचं ते घुरघुरणारं मशीन.
खाली पांढरा फोम, वर पाट्या,
टक् करून एकीत एक.
एक्क्याण्णवची मोझॅक तशीच राहिली खाली,
खलबत्ता पडून गेलेल्या टवक्यासकट.

जाताना म्हणाला, काकू, ओला पोछा नाही माराचा.
पिळून, एकदम पिळून.
मग खिडकीकडे पाहिलं त्यानं.
कूलर इथंच लागते का?
मी म्हटलं, मानेवाड्यात अजून कुठं लागते बाबा.

जानेवारीत सुख होतं, खोटं कशाला बोलू.
पहाटे दुधाची पिशवी घ्यायला उठले
की तळपायातून गुडघ्यात चढणारी कळ
यंदा उंबऱ्यातच थांबली.

आवाज मात्र बदलला घराचा.
हे चालतात तेव्हा आता ऐकू येतं,
उजवा पाय जरासा ओढतात.
मोझॅकनं माझ्यापासून
किती वर्षं लपवलं होतं कोण जाणे.

यांची नोकरी बल्लारशाच्या लाकूड डेपोत गेली.
सागाचा घेर मोजायचा, घणानं शिक्का मारायचा,
ताजा काप हुंगून सांगायचं
ओंडका कुठल्या जंगलातला.
पहिल्याच संध्याकाळी गुडघे टेकून
यांनी जमीन हुंगली.
बोलले काहीच नाहीत.

तिसऱ्या दिवशी चहा गार होऊ देत म्हणाले,
पहिल्या पाटीतली गाठ सहाव्या पाटीत आहे.
मग अकराव्या. मग सोफ्याखाली.
गाठ म्हणजे फांदीची जागा असते.
एकाच झाडाची एकच फांदी
किती वेळा तोडली या लोकांनी?

निखिलेश पुण्याहून फोनवर हसला.
बाबा, तो फोटो असतो लाकडाचा.
फोटो यांना कळतो.
निरोप समारंभाचा आहे भिंतीवर,
त्यातही हार सगळ्यांना एकसारखेच.

मे लागला. सेहेचाळीस.
दरवर्षी दुपारी आम्ही उघड्या फरशीवर पडायचो,
पाठ तापली की सरकायचो,
थंड तुकडा शोधत शोधत
स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.
या जमिनीत थंड तुकडाच नाही.
कुठंही निजा, ती आपल्याइतकीच गरम.

मग एका रात्री कूलरचा बॉल अडकला.
पाणी काठावरून उतरलं, आवाज न करता.
सकाळी खिडकीखालच्या दोन पाट्या
कडेनं उचललेल्या,
तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तशा.

मी कपाळाला हात लावला.
चौरस फुटाचा भाव आठवला, जुबेरचं पिळून पिळून आठवलं.

हे खाली बसले, हळूच, उजवा पाय लांब करून.
फुगलेल्या कडेवरून बोट फिरवलं.
पाणी पिते, म्हणाले.
अन् कितीतरी दिवसांनी डेपोतल्यासारखे हसले,
म्हणजे आहे. बारीक भुसा का होईना,
आहे हिच्यात थोडं झाड.

माळ्यावर चार पाट्या शिल्लक आहेत.
जुबेरला फोन
मी अजून केला नाही.