पी.पी. नंबर

नऊ नंबरच्या काउंटरला बसते मी.
बसते म्हणजे उभी असते, खुर्ची दिलेली नाही.

दुपारी पावणेतीनला नेणशीभाई छेडा आले
ट्रॉली ढकलत. पटकन ओळखलंच नाही.
कमरेखालचे नेणशीभाई मी कधी पाहिले नव्हते,
कायम गल्ल्यामागे, मांडी घालून.
आज कळलं, ते डाव्या पायानं किंचित लंगडतात.

ट्रॉलीत तेलाच्या बारा पिशव्या,
साबणाच्या वड्या, साखर.
‘घरात लग्न काढलं काय?’
तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले,
‘होलसेलवाला देतो त्याच्यापेक्षा
तुझ्याकडे सात रुपये सस्ता आहे, बेटा.
मग मी पण गिऱ्हाईकच की.’

तुझ्याकडे म्हणाले.
माझ्याकडे एक निळा टी-शर्ट आहे, कंपनीचा,
आणि छातीवर बिल्ला: हेमलता, मदतीस तत्पर.

चौथ्या पिशवीला मशीन केकाटलं.
एका बिलावर तीनच.

टेंभीपाड्याच्या चढावर त्यांचं दुकान, पाच फूट रुंद.
आई वाटी देऊन पाठवायची, पाच रुपयांचं तेल.
ते पळीनं मोजायचे, वर चार थेंब,
आणि पुडीला दोरा, छताला टांगलेल्या रिळातून सर्रकन ओढलेला,
दोन बोटांत तोडलेला.
पप्पांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा
वहीतलं आमचं पान भरलं, मग दुसरं, मग तिसरं.
देव नव्हते हं नेणशीभाई.
गुळात खडा निघायचा, उधारीवाल्याला भाव चढा,
आणि दुकानात चार माणसं बघून मुद्दाम विचारायचे,
‘कदम, किती झाले माहितीये ना?’
पप्पा चपलेकडे बघायचे.
पण डबा कधी रिकामा परत आला नाही.

आता आई महिन्याचं सामान इथून नेते.
जाताना मागच्या गटाराच्या बोळातून जाते,
आणि पिशवी उलटी करून घेते,
नाव आतल्या बाजूला.

‘चार बिलं करू,’ मी म्हटलं,
‘प्रत्येकाला वेगळा मोबाइल नंबर लागेल.’
पहिला त्यांनी स्वतःचा दिला. दुसरा मुलाचा,
तो कॅनडात असतो, तो नंबर लागत नाही.
तिसऱ्याला अडले. रांगेतल्या बाई घड्याळ बघायला लागल्या.
मग एकदम म्हणाले,
‘पाच सहा चार...’
पुढचे चार आकडे मीच म्हटले.

दुकानाचा फोन. काळा, कुलूप लावलेला.
सगळ्या चाळीचा नंबर तोच होता:
माझ्या दहावीच्या फॉर्मवर, पप्पांच्या प्रत्येक अर्जावर,
आणि पुढे कंसात पी.पी.
गावाहून आजी गेल्याचा निरोप त्याच फोनवर आला,
तेव्हा नेणशीभाई दुकान उघडं टाकून
चढ चढून आमच्या दारात आले होते.
म्हणजे पाय पाहिले होते मी त्यांचे.
विसरले.

पुढे मागाहून दोनाचा आकडा लागला, तरी झाले आठ.
मशीनला दहा लागतात.
मी माझा नंबर टाकला. चौथ्याला आईचा.
त्यांच्या तेलाचे पॉइंट आमच्या नावावर जमा झाले.
खिशातला फोन थरथरला,
खरेदीबद्दल आपले आभार.

हे कुठल्या वहीत लिहायचं?

सुपरवायझर काचेतून बघत होता.
‘तीन हजार सातशे चाळीस,’ मी म्हटलं.
त्यांनी नोटा थुंकी लावून मोजल्या,
वर दहाची नोट जास्त आली का, पुन्हा पाहिलं.
खोक्यावर खोकं रचलं. ते डुगडुगायला लागलं.
सवयीनं त्यांचा हात वर गेला,
डोक्यावर, जिथं रीळ असतं तिथं.

वर नुसता कॅमेरा होता.

‘दोरा आहे काय गं?’
आमच्याकडे चौतीस प्रकारची बिस्किटं आहेत.
मी केसांचा रबर काढून दिला.