कॅनव्हास, दोन फूट बाय तीन

मालकाची अट एकच: जाताना भिंती होत्या तशा.
म्हणून अठरा लिटरचा डबा आणला
आणि त्यातला वाडगाभर पांढरा
आधी कॅनव्हासला दिला.
एक हात आडवा, एक उभा.
(जेसो दुकानात होता. किंमत वाचून परत ठेवला.)

त्यावर कागद. अकरा वर्षांची विजेची बिलं.
शारजात विजेच्या खात्याला ‘सेवा’ म्हणतात,
आकडा बघून पहिल्या उन्हाळ्यात आम्ही खूप हसलो होतो.
फाडताना कळतं, कागदालाही नस असते:
उभा सरळ येतो, आडवा हट्ट करतो.
अरबी ओळ उजवीकडून निघते, इंग्रजी डावीकडून,
मधे रक्कम तेवढी दोघींची.
गोंद पातळ, ब्रश रुंद,
बुडबुडा राहिला तर नखानं बाहेर काढायचा.
एक राहिलाच. जुलै. एसीचा.

मग पुट्टी, खिळ्यांची भोकं बुजवायची तीच.
जुन्या एसीची जाळी वर ठेवून सुरीनं दाबली,
श्वास धरून सरळ वर उचलली.
बारीक चौकोन उठले, लांबून पाहिलेल्या इमारतीच्या खिडक्यांसारखे.
एका कोपऱ्यात हात तिरका गेला.
तिथं आता इमारत नाही, नुसता चिखल.
असू दे.

वाळू मी आणली नाही.
मंगळवारच्या वादळात ती स्वतः आली,
बंद खिडकीच्या रुळात जाऊन बसली.
चमच्यानं गोळा केली, चहाच्या गाळणीनं गाळली,
ओल्या गोंदावर चिमटीतून सोडली.
रांगोळीची सवय बोटांना आहे,
वाळूला नाही.

शिरीन मुकादमचं खाली अबायांचं दुकान.
मूळची दाभोळची, मराठी माझ्यापेक्षा खारट.
“घे गो, माझ्याकडं कचरा, तुझ्याकडं दागिना,”
म्हणत तिनं मशीनखालची झाडलोट पिशवीत भरून दिली:
गळालेले खडे, काळा दोरा, चपटे मोती,
एक मोडकी सुई.
सुईसुद्धा लावली.
खडा चिमट्यानं उचलायचा, पाठीला गोंदाचा थेंब.
थेंब जास्त झाला की खड्याच्या कडेनं डोकावतो,
तो पुसायचा नाही. वाळला की दिसत नाही म्हणतात.
दिसतो.

निशिकांत खोक्यांना टेप लावत होता.
“हे काय आहे?”
“खाडी.”
“कुठली? इथली की शिरीनकडची?”
मी ब्रश धुवायला गेले.

रात्री सामानाच्या काट्याला कॅनव्हास लटकवला.
चार किलो आठशे.
दोघांचे मिळून साठ, त्यात पाट्याची मिक्सर,
त्याच्या फायली, माझा कुकर.
कुकर काढला. पुन्हा ठेवला.
कुकरला कुणी ‘हे काय आहे’ विचारत नाही.

सकाळी मोतालिबला वर बोलावलं.
नातूर म्हणून अकरा वर्षं त्यानं आमचं पाणी, गॅस, चाव्या सांभाळल्या;
त्याच्या खोलीला खिडकी नाही, एवढं मला माहीत होतं.
आत मात्र मी पहिल्यांदाच गेले.
मीटरच्या पेटीवर त्यानं चित्र टांगलं,
उलटं.
वाळू आभाळात गेली, बिलं तळाशी,
खडे वरून खाली ठिबकत असल्यासारखे.
सांगणार होते. मग दोन पावलं मागं सरून बघितलं
आणि गप्प राहिले.
तसं जास्त बरं दिसत होतं.

वर भिंती पांढऱ्या झाल्यात.
फक्त सोफ्यामागं, निशिकांत डोकं टेकायचा तिथं,
तेलाचा डाग दोन हात देऊनही
थराखालून हळूहळू वर येतोय,
बशीएवढा, पिवळट, कडा धूसर.
असा पोत मला पुट्टीनं जमला नसता.

डब्यात बोटभर रंग उरलाय.
मालक दहाला येतो.
तिसरा हात द्यावा की नाही,
मी ब्रश घेऊन अजून उभी आहे.