पुलावरचा सिंह

खानापूरच्या वाचनालयात, बंद पंख्याखाली,
सिद्राय मास्तर मोठ्यानं वाचत होते, पिसा शहराबद्दल:
फ्लॉरेन्सवाल्यांनी ते घेतलं,
पुलाशी आपला दगडी सिंह बसवला.
अठ्ठ्याऐंशी वर्षांनी लोकांनी तो
उचलून नदीत टाकला.

खिडकीबाहेर यल्लोजी पेंटर शिडीवर,
शेजारच्या दुकानाची पाटी तिसऱ्यांदा रंगवत.
वरची लिपी मोठी, खालची बारीक,
मोजपट्टी दातांत.
'मग पुढं काय झालं ओ, मास्तर?'

'पंधरा वर्षांनी परत तेच आले.'

'आणि सिंह?'
मास्तरांनी पान उलटलं. तिथं काहीच नव्हतं.
खाली मलप्रभेत कुणी म्हशी धूत होतं.

'घडवणाऱ्याला मजुरी तरी मिळाली असंल काय,'
म्हणत त्यानं ब्रश बुडवला
आणि खालच्या ओळीत, 'गूळ'मधल्या ळला
थोडा जास्त रंग दिला.