पावती कुणाच्या नावानं

अकरा महिन्यांनी घर सोडायचं
हे मला आता सवयीनं कळतं.
सगळी खोकी मी फोडतच नाही.
कुकर, दोन भांडी, एक चादर बाहेर,
बाकी संसार सुतळीत.

म्हणून बाळेखान मुजावर जेव्हा म्हणाले,
"ताई, गावभागात एक खोली आहे, जुन्या भाड्याची,
एकोणनव्वद रुपये,"
मी दोनदा विचारलं,
"महिन्याला? का दिवसाला?"

घर बघायची माझी एक रीत आहे.
आधी नळ सोडायचा आणि बोलत राहायचं,
बादली किती वेळात भरते ते कान मोजतात.
मग मीटर कुणाच्या नावावर, बिल कुणाच्या.
संडासाची कडी आतून बसते का.
मालकाच्या तोंडी "फॅमिली" हा शब्द
कितव्या वाक्यात येतो.
(तिसऱ्याच्या आत आला तर मी चपला शोधते.)

भिंत सगळ्यात शेवटी.
सांगलीत भिंतीला घाईनं काही विचारू नये.
छातीपर्यंत ताजा हिरवा ऑईलपेंट
आणि वर जुना चुना तसाच,
असल्या घराला मी लांबूनच नमस्कार करते.

इथं मात्र सगळी खोली पांढरी. ताजी. वास येणारी.
आणि मधोमध ट्रंकेवर भूपाल अकिवाटे,
हळदीच्या पेढीवर चाळीस वर्षं तोलार.
नखं अजून पिवळी होती,
की मलाच तसं वाटलं.

त्यांनी गठ्ठा सोडला. मनिऑर्डरच्या पावत्या.
"मालक भाडं घ्यायचा नाही.
घेतलं तर मी भाडेकरू ठरतो की!
मग मी पोस्टानं पाठवायचो.
'घेण्यास नकार' म्हणून परत.
एकतीस वर्षं."
"आणि ते पैसे?"
"पुढच्या महिन्याला तेच.
एकच एकोणनव्वद रुपये फिरत होते बाई,
खर्च काय तो कमिशनचा."

पोरगा न्यायला येणार होता, इचलकरंजीला.
"तीन लाख द्या. किल्ली घ्या.
मालक काही करू शकत नाही."
मुजावर पंख्याकडे बघत होते.
पंखा बंद होता.

"पावती कुणाच्या नावानं?"
"माझ्याच. मी आहे तोवर."
"आणि मग?"

अकिवाटेंनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

मी दाराकडे वळले.
चौकट रंगवायची राहून गेली होती.
तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा,
सुनंदा ७९. सुनंदा ८१.
महावीर ८४, जरा तिरकी, हलला असणार.
त्यांच्यावर खिळ्यानं ओढलेली एक, नाव नाही,
नुसतं २००५.
तिच्याही वर दुसरी. २०१९.

"सगळ्यांत जास्त तीच वाढली,"
मागून अकिवाटे म्हणाले.
आवाजात तक्रार नव्हती,
घरातल्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

मी टाचा चौकटीला लावून उभी राहिले.
एकोणीस माझ्या हनुवटीशी आली.
तीन लाख, एकोणनव्वद, हनुवटी,
हिशेब काही जुळेना.

जिन्याजवळ मुजावरांना हळूच विचारलं,
"वर कोण राहतं?"
"वर?
वर मालक."

नळ चालूच राहिला होता.
बादली केव्हाच भरून मोरीत वाहत होती.
बंद करायला मी परत आत गेले,
तर अकिवाटे पावत्यांना सुतळी गुंडाळत होते.
हात थरथरत होते.
"जरा बोट ठेवा इथं," म्हणाले,
"गाठ मारेपर्यंत."
मी ठेवलं.