पत्रकातलं दुसरं वाक्य

फोनच्या बुडाशी सेलोटेपने चिकटवलेला
एक कागद आहे. त्यावर दोन वाक्यं.
एक : त्या वस्तू नेमक्या काय आहेत, हे अद्याप निश्चित झालेलं नाही.
दोन : त्यांच्यापासून कोणताही धोका नाही.
मधे एक पूर्णविराम,
ज्यातून अठरा चाकी ट्रक आरामात जाईल.

डिसेंबर. न्यू जर्सी. काउंटीच्या इमारतीचं तळघर.
रात्री दहा ते सहा. हीटर माझा एकच पाय तापवतो.
फोन येतात. मी वेळ लिहिते, दिशा लिहिते,
मग कागद वाचून दाखवते.

खाडीत शिंपल्या काढणारा ऑर्विल क्रॅमर म्हणतो,
सहा मोजले, पाण्यावरून आले, सरळ रेषेत,
आणि बदकं जागची हलली नाहीत.
"बदकांना आधी कळतं, बाई. ह्यांचं त्यांनाही कळलं नाही."
बदकांसाठी फॉर्मवर रकाना नाही.
मी समासात लिहिते.

एक निवृत्त वैमानिक रोज फोन करतो :
लोक बघतायत ती नेवार्कला उतरणारी विमानं आहेत,
मूर्ख आहेत सगळे, हे लिहून घ्या.
घेते. तोही तक्रार क्रमांक चारशे अकरा.

एका मुलाने आकाशात लेझर मारला.
अरे, नको मारूस, आत माणसं असली तर?
"असली तर?" तो म्हणाला,
"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

एकीला संध्याकाळी नैर्ऋत्येला दिसलं,
तासभर जागचं हललं नाही, मग झाडांमागे गेलं.
तो शुक्र होता. मी सांगितलं.
तिला वाटलं, सरकारने मला तसं सांगायला लावलंय.

आणि मी काय म्हणणार?
शुक्र आणि कागद, दोन्ही मी एकाच आवाजात वाचते.

गुरुवारी अग्निशमन केंद्रात सभा झाली.
घडीच्या खुर्च्या कमी पडल्या, लोक बंबाला टेकून उभे.
वरून एक साहेब आले होते.
आपल्याकडे 'वरून' हा शब्द किती सोयीचा :
वरून आदेश येतो, वरून उत्तर येत नाही,
आणि आता हे दिवेही वरूनच.
साहेबांनी हात वर केले नाहीत, कानांवरही ठेवले नाहीत,
छान बोलले. चाळीस मिनिटं.
'आढळून आलेलं नाही', 'तपासलं जात आहे', 'कळवण्यात येईल'.
वाक्यामागून वाक्य, एकातही कर्ता नाही.
बाहेर आल्यावर सगळ्यांनी माना वर केल्या.
तिथेही तेच. क्रिया चालू, कर्ता गायब.

रात्री तीन-चाळीसला लॉरेन शिमान्स्कीचा फोन.
मागे ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज, नवऱ्याचा.
तिने दिशा सांगितली नाही, आकार सांगितला नाही.
"तुला माहीत आहे का गं, ते काय आहे?"

मी कागदाकडे पाहिलं.
"नाही," म्हटलं. "मला माहीत नाही.
मला कुणी सांगितलेलं नाही.
परवा पार्किंगमध्ये मीही एक पाहिलं
आणि गाडीत बसून दारं लावून घेतली."

यंत्र श्वास घेत राहिलं. सोडत राहिलं.
"बरं," ती म्हणाली.
"मग मी पडदा ओढते आणि पडते जरा.
तूही जपून घरी जा."

त्या रात्रीतला तो एकच फोन
जो परत आला नाही.

सकाळी प्रेस्टनने रेकॉर्डिंग लावलं, शेवटपर्यंत ऐकलं.
ओरडला नाही. कॉफीचा कप ठेवला माझ्यापुढे,
नखाने सेलोटेप उचकटली,
नवा कागद लावला, स्वच्छ, मोठ्या टाइपात.

त्यावर एकच वाक्य आहे.
दुसरं.

जुना माझ्या पर्समध्ये आहे, चार घड्या घालून.
त्यातलं पहिलं अजून खरं आहे.