भरती जुलैत येते

ह्यांनी ओझरच्या कारखान्यात अडतीस वर्षं
विमानांच्या पंखांना रिव्हेट मारले.
विमानात बसले एकदाच,
तेही जमिनीवर उभ्या.
मी ठक्कर बाजारच्या खिडकीआड आरक्षणं देत होते.
दापोली दोन, श्रीवर्धन चार, खिडकीजवळची सीट द्या बाई.
रांगेत कुणी फारच घाई केली तर म्हणायची,
थांबा हो, समुद्र काही पळून जात नाही.

निवृत्तीनंतर ह्यांनी शाळेची जुनी गाडी घेतली.
पिवळी. बाजूला अर्धवट खरवडलेलं 'बालविका'.
आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी
आणि माझ्या उंचीला मोजून केलेला ओटा.
(घरचा ओटा कुणाच्या उंचीचा आहे
ते बिल्डरलाच ठाऊक.)
प्रत्येक सांधा असा की ढगातसुद्धा सुटू नये.
कसारा घाट उतरायचा दिवस ठरला,
डबे भरले, शेजारी किल्ली दिली,
आणि आदल्या रात्री ह्यांच्या छातीत कळ आली.
दोन स्टेंट.
रिव्हेटच की, म्हणाले शुद्धीवर येऊन,
फक्त आतल्या बाजूने मारलेले.

डॉक्टर म्हणाले, दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत राहा.

म्हणून गंगापूर धरण.
सिडकोतल्या आमच्या दारापासून मोजून एकोणीस किलोमीटर.
मे महिना, पाणी पार आत सरकलेलं,
काठावर भेगाळलेला गाळ, एक चप्पल, शिंपले.
ओहोटी, हे म्हणाले.
भरती कधी?
जुलैत.

संध्याकाळी पलीकडच्या द्राक्षमळ्यांकडून
मुंबईच्या गाड्या आल्या.
पोरं-पोरी आमच्या 'बालविका'समोर फोटो काढून गेली,
एकीने विचारलं, आजी, हे भाड्याने मिळतं का?
मी म्हटलं, फुल्ल आहे.
सवय.

रात्री ह्यांनी फुलपात्रात पाणी घेतलं,
चिमूटभर मीठ टाकून ढवळलं,
घे, अरबी समुद्र.
मी म्हटलं, आणि तुमचं बीपी?
मग दोघांनी एकेक घोट घेतला
आणि उरलेला खिडकीतून ओतून दिला,
कुणी बघत नाही ना, हे आधी बघून.

साडेअकराला काचेवर काठी वाजली.
राखणदार. बॅटरी थेट तोंडावर.
इथे मुक्काम करता येत नाही, काका. कुठून आलात?
सिडको, हे म्हणाले.
बॅटरी खाली झाली.
सिडको? मग घरी का नाही झोपत?

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.
अडतीस वर्षं ज्याला मापाचं उत्तर लागायचं
तो माणूस नुसताच बनियनची शिवण चाचपत बसला.
मीही इतकी वर्षं हेच विचारलं होतं, खिडकीच्या आतून:
कुठून, कुठपर्यंत.
कशाला, असं कधी विचारलं नव्हतं.
मी बेसनाचे दोन लाडू कागदात बांधले,
तो म्हणाला, बरं, पण उजाडायच्या आत निघा,
साहेब राउंडला येतो.

पोर गेलं. आम्ही दिवा मालवला.
पाण्याचा आवाज म्हणावा असा आवाज नव्हता,
लाटा नव्हत्याच, वारा पडलेला.
टिटवी तेवढी ओरडत होती, आणि हे
झोपेत माझं मनगट धरून,
जिथे डॉक्टर त्यांचं धरतात तिथे.

पहाटे पाचला गाडी घराखाली लावली.
शेजारच्या गोसावीबाई दुधाची पिशवी घ्यायला आल्या होत्या:
काय हो, समुद्रावरून इतक्यात परत?
साडेपाचला नळ आला.
आधी खाकरतो, मग हवा सोडतो, मग येतो.
मी हंडा लावला आणि हाताने थोडं पाणी चाखून पाहिलं.
आतून ह्यांनी विचारलं, खारट आहे का गं?
मी म्हटलं, झोपा जरा.
हंडा भरायला वेळ लागतो.
उन्हाळ्यात प्रेशर नसतं.