पंखा बंद

मे महिना, सेहेचाळीस अंश,
आणि आमच्या घरी रविवारी पंखा बंद.
कूलरही बंद. खसची ताटी कोरडी पडून तडतडते,
आई वर्तमानपत्रानं वारा घेते, तोही आतल्या खोलीत,
कारण बाबांचा तराजू श्वासानंही हलतो.

टेबलावर हिरवी बनात, तिच्यावर पितळी पुंगळ्या.
पाचव्यांदा वापरायच्या, म्हणून पाचव्यांदा तपासायच्या.
मानेपाशी केसाएवढी चीर सापडली
की ती बाद. वहीत नोंद, मग वेगळ्या डब्यात.
दारू कणाकणानं पडते.
"काटा थांबला काय?"
"थांबला."
"नीट पाय वं. थांबला म्हंजे थांबला पायजे."

आजोबा मागावर बसत, गोळीबार चौकामागच्या गल्लीत.
काठात एक धागा चुकला तर वीतभर उसवत.
गिरणीचं कापड त्यांनी अंगाला लावलं नाही;
भोंगा झाला की म्हणत,
निघाले लोक, थानच्या थान विणाले.
गोळीबार चौकात राहून कागदाला भोकं पाडणारा मुलगा
त्यांना कळला नसता.
हे उसवणं कळलं असतं.

मी इतवारीतल्या बँकेत कॅशियर. मला हिशेब कळतो.
काटोल रोडचा जुना क्लब मोडला
तेव्हा त्याचा साठा आमच्या क्लबानं रीतसर उचलला:
लाकडी पेट्या, आत टिनाचे डबे, मेणकागद,
प्रत्येक काडतुसाच्या बुडाशी साल, एकाहत्तर.
माझ्याहून सहा वर्षांनी मोठं.
एकाला पडतात बाबांच्या निम्मे पैसे
आणि कोणाला घामाघूम व्हावं लागत नाही.
"शिळी भाकर," बाबा म्हणाले.
"तेल-तिखट लावलं की चालते," मी म्हटलं.

वाडीच्या पुढं, मातीच्या बांधासमोर, सकाळचे सात.
दहा ठीक गेली. अकरावं: टिक्.
नुसतं टिक्.
नळी समोर, बोट बाजूला, कोणी बोलायचं नाही.
उशिरा पेटणारं असतं एखादं. साठपर्यंत मोजायचं.

वीसच्या आसपास मनात आलं, हे भरलं कोणी?
रात्रपाळीची कोणी बाई असेल,
घरी पोर तापलेलं.
तिच्या डोक्यावर पंखा होता?
तिनं पाहिला का काटा थांबलेला,
की भोंग्याला दोनच मिनिटं उरली होती?
मशीन म्हणतो आपण, पण तिथंही
कोणाचा तरी हात होताच.
अठ्ठावन्न. एकोणसाठ.
वाजलं नाही.

बाबांनी बोल्ट उघडला, काडतूस डोळ्याशी नेलं.
जवळ. आणखी जवळ.
बुडावरचा ठोका मला उभ्यानं दिसत होता.
त्यांनी विचारलं,
"ठोका लागला काय याले?"

मी हो म्हटलं, आणि पुढं काही म्हटलं नाही.
इतके रविवार मी समजत होते
ते मला शिकवताहेत.

मग त्यांनी माझा डबा स्वतःकडे ओढला
आणि त्यांची दहा माझ्यापुढं ठेवली, बुडं वर करून.
"माह्या डोळ्याले एकाहत्तरच बरं.
दोघंबी जुने."
त्यांची एकोणचाळीस कागदभर पसरली,
कोंबड्यांना ज्वारी टाकावी तशी. ते हसले.
माझी नऊ भोकं
त्यांच्या पाकिटातल्या बंद झालेल्या चार आण्याखाली
झाकली गेली.
दहावं बाहेर होतं. ती चूक माझी, दारूची नाही.

घरी वही आता मी लिहिते.
एकाहत्तरची: पन्नास. वाजली: एकोणपन्नास.
पुढच्या ओळीत ते म्हणाले, "तुही: दहा."
मी लिहिलं, आपली.

आतून आईनं विचारलं,
"लावू काय आता पंखा?"
दोघंही गप्प.
काटा अजून हलत होता.